मॅडमना सांगायची राहिलेली हरकत

धुळ्याच्या एसटी स्टँडवर मी जळगावच्या गाडीची वाट बघत होते. साक्रीहून आलेली गाडी नुकतीच सोडली होती. पाठीवर बॅग होती, हातात आईने मॅडमसाठी दिलेल्या शेवग्याच्या शेंगा होत्या, आणि गावातल्या बैठकीत जे झालं ते मॅडमना कसं सांगायचं, हा एकच विचार डोक्यात चालू होता. तेवढ्यात नानांचा फोन आला. नाना म्हणजे प्रमिला मॅडमचे यजमान. ते मला कधी फोन करत नसत, म्हणून मला वाटलं, मॅडमनीच त्यांच्या फोनवरून लावला असेल. नानांनी विचारलं, कुठपर्यंत आलीस. मी म्हटलं, धुळ्यात आहे. ते म्हणाले, "सावकाश ये. सकाळी प्रमिला गेली." मी "बरं नाना, सावकाश येते" म्हटलं आणि फोन ठेवला. कंडक्टरला विचारलं, ही गाडी पारोळ्यावरून जाते का. तिकीट काढलं, सुट्टे पैसे मागितले, खिडकीजवळ बसले. गाडी गावाबाहेर पडली तरी मी मनात वाक्यं जुळवतच होते, की मॅडमना आधी आत्याचं सांगू की आधी आबांचं… आणि मग एकदम कळलं की आता कोणाला सांगणार. शेजारच्या बाईंनी मला पाणी दिलं. मी रडत नव्हते, पण त्यांना काय दिसलं कोण जाणे.

आदल्या संध्याकाळीच आमचं बोलणं झालं होतं. मी म्हटलं, "मॅडम, बैठक झाली, पण…" त्यांनी मला तिथेच थांबवलं. "फोनवर नको. फोनमध्ये अर्धं सांडतं. उद्या समोर बसून सांग, मी वरणबट्टी करते." कसलाही आजार नव्हता त्यांना. सकाळी चहा टाकला, गॅस बंद केला आणि ओट्याजवळच खाली बसल्या, एवढंच नाना सांगतात. डॉक्टर येईपर्यंत सगळं संपलं होतं. जळगावात पिंप्राळ्याच्या घरी पोचले तेव्हा दारात चपलांचा ढीग होता. मॅडमना हॉलमध्ये ठेवलं होतं. माझ्या हातातली शेंगांची पिशवी मला खाली ठेवता येईना. एका शेजारणीने ती काढून घेतली, आत नेली आणि बाहेर येऊन विचारलं, "तू यांची कोण?" मी म्हटलं, शेंगा आईने दिल्यात.

मॅडमबद्दल लिहावं एवढी मी मोठी नाही. त्यांचे सहकारी आहेत, परदेशातले मोठे शास्त्रज्ञ आहेत, त्यांनी लिहायला हवं. मी आमच्या घरातली पहिलीच कॉलेजात आलेली मुलगी, आणि मॅडमना मी ओळखत होते ती जेमतेम दोन वर्षं. पण त्यांचं शेवटचं काम ज्या वाक्यावर अडलं, ते वाक्य आमच्या विहिरीचं होतं. ते कुणीतरी सांगायला हवं म्हणून लिहिते.

प्रमिला मॅडम माती आणि पाणी हा विषय शिकवायच्या. माहेर रावेरकडचं, केळीवाल्यांचं. निवृत्त झाल्यावरही आठवड्यातून एकदा आमच्या कॉलेजात येऊन एक तास घ्यायच्या. त्या एका आंतरराष्ट्रीय समितीवर होत्या, ही गोष्ट आम्हाला माहीत होती, पण समिती म्हणजे काय हे माहीत नव्हतं. कापूस शाश्वत पद्धतीने पिकवला की नाही, जमीन राखली का, पाणी राखलं का, हे ठरवायचे नियम ही समिती लिहिते. त्या नियमांना मानक म्हणतात. मानकात बसलेला कापूस बाहेरच्या देशातले मोठे खरेदीदार घेतात, न बसलेला ते घेत नाहीत. मला वाटायचं, असले नियम कुठल्यातरी यंत्रातून निघत असतील. मॅडमनी सांगितलं, तसं काही नसतं गं, माणसंच बसतात. कुणी पाण्याचा तज्ज्ञ, कुणी किडींचा, कुणी सूतगिरणीकडून आलेला, कुणी पर्यावरणवाल्या संस्थेचा. एक मसुदा समोर असतो. एकेका वाक्यावर दिवस जातो. कुणी म्हणतो हा शब्द काढा, कुणी म्हणतो पुरावा दाखवा. आणि शेवटी अध्यक्ष विचारतात, कुणाची हरकत आहे का. कुणी काही बोललं नाही की ते कलम मंजूर. मतदानाची वेळ सहसा येत नाही. ज्यांना पटलेलं नाही त्यांनी तेव्हाच बोलायचं असतं, मागून बोलून उपयोग नसतो.

ही शेवटची गोष्ट त्या फार सावकाश सांगायच्या. का, ते मला पुढे कळलं. समितीत नव्या गेल्या तेव्हा त्यांची पहिली बैठक युरोपातल्या एका शहरात होती. पाण्याचं कलम आलं. प्रत्येक शेतकऱ्याकडे पाण्याचा स्वतंत्र स्रोत हवा आणि त्याने आपापलं पाणी मोजलं पाहिजे, असं ते कलम होतं. मॅडमना ते बिलकूल पटलं नाही. खानदेशात कितीतरी विहिरी सामाईक आहेत, भाऊबंद पाळ्या लावून पाणी घेतात, हे त्यांना डोळ्यासमोर दिसत होतं. पण समोर मोठी माणसं बसलेली, सगळी वयाने आणि मानाने मोठी. मॅडम त्यांच्या गावात शिकल्या होत्या तसंच वागल्या. आमच्याकडे भाऊबंदांच्या बैठकीत मोठ्यांपुढे कुणी "नाही" म्हणत नाही. पटलं नाही तर खाली बघून गप्प बसतात. बैठक चालवणाऱ्याचं सगळ्यांच्या तोंडाकडे लक्ष असतं. एक जरी माणूस गप्प बसला तरी तो विषय थांबवतो, मग घरी जाऊन विचारतो, बाबा, काय झालं. "मी पूर्ण ताकदीने गप्प बसले होते," मॅडम सांगायच्या. अध्यक्षांनी सगळ्यांकडे पाहिलं, त्यांच्याकडे बघून हसले आणि पुढच्या कलमावर गेले. चहाच्या वेळी मॅडमनी विचारलं, तो विषय परत कधी घेणार. ते म्हणाले, तो तर मंजूर झाला, तुमचीही संमती धरली आहे. हे सांगताना त्या आधी खूप हसायच्या, मग एकदम बंद व्हायच्या. त्यांच्या सहमतीने झालेलं ते कलम त्यांना पुढे कित्येक वर्षं बदलता आलं नाही. मानक एकदा ठरलं की पुन्हा तपासायला घेईपर्यंत बराच काळ जातो. त्या हरकती पाठवायच्या आणि उत्तर यायचं, नोंद घेतली, पुरावा अपुरा.

मी त्यांना सापडले ती अशीच, गप्प बसल्यामुळे. वर्गात त्यांनी विचारलं होतं, सामाईक विहिरीवर शेती कुणाची आहे. मी हात वर केला नाही. आमची विहीर सामाईक आहे, पण शहरातल्या मुलांपुढे ते सांगायला मला जड गेलं. मग त्या फळ्याजवळ उभ्या राहून सांगू लागल्या की सामाईक विहिरीवर पाणी कमी वापरलं जातं, आणि मी मान खाली घातली, कारण आमच्याकडे आता उलटंच सुरू झालं होतं. तास संपल्यावर त्यांनी मला दारात गाठलं. "तू गप्प बसलीस ती माहीत नाही म्हणून, का पटलं नाही म्हणून?" मला कॉलेजात असं कुणी विचारलं नव्हतं. मी सांगून टाकलं. आमच्या गावात कापसाची तपासणी करायला माणूस आला होता. त्याने पाण्याच्या रकान्यात फुली मारली, कारण विहीर कुणा एकाची नाही. गावातल्या कापूसवाल्यांचा गट त्या मानकातून बाद झाला. पुढच्या वर्षी नियमात बसायचं म्हणून आमच्या शिवारात दोघांनी स्वतःचे बोअर घेतले. उन्हाळ्यात विहिरीची पातळी अशी उतरली की मोटर खाली सोडावी लागली. मॅडम भिंतीला टेकून उभ्या राहिल्या. पाणी वाचवायच्या कलमाने बोअर पाडायला लावले… एवढंच त्या म्हणाल्या. मग म्हणाल्या, मला गावाला ने.

त्या किती वेळा आल्या ते मी मोजलं नाही. एसटीने साक्रीपर्यंत, पुढे माझ्या भावाच्या मोटरसायकलवर, साडीचा पदर खोचून. विहिरीची पाळी बघणारे आमचे आबा, म्हणजे वडिलांचे चुलते, पहिल्या दिवशी त्यांना दोरीला वजन बांधून पाणी मोजताना बघत होते. त्यांनी विचारलं, "आक्का, तुमना साहेबलोकेस्नी विहीर देखेल शे का?" मॅडमनी अहिराणीत उत्तर द्यायचा प्रयत्न केला की साहेबांनी विहीर नाही, पोहायचा तलाव तेवढा पाहिलाय, पण त्यांची अहिराणी अशी काही निघाली की सगळे हसायला लागले. आबा म्हणाले, केळीवाल्यांना आमची भाषा येत नाही, राहू द्या. त्यावर मॅडमनी त्यांच्या रावेरकडच्या बोलीत आबांना असं काही ऐकवलं की ते आम्हाला कुणालाच कळलं नाही, आणि त्यांनी अर्थही सांगितला नाही. तेव्हापासून आबा त्यांची वाट बघायचे. दुपारी आमच्या मंगल आत्याच्या हातची कळण्याची भाकरी आणि ठेचा खाऊन त्या पुन्हा विहिरीवर जायच्या. सामाईक विहिरीवर पाणी कसं कमी लागतं, एकाचं पीक वाळायला लागलं तर दुसरा आपली पाळी कशी सोडतो, हे सगळं त्यांनी मांडलं, समितीला पाठवलं. या वेळी मानक तपासणीला निघालं होतं. या वेळी पुरावा अपुरा नव्हता.

अखेर समिती कलम बदलायला तयार झाली. मॅडमनी नवं कलम लिहिलं. सामाईक विहिरीचे सगळे हिस्सेदार मिळून एक धरावेत, स्वतंत्र स्रोताची अट नसावी. पण त्याबदल्यात समितीतल्या काहींनी एक अट घातली. हिस्सेदारांची आणि पाळ्यांची लेखी नोंद असावी, आणि नोंदीबाहेर कुणालाही पाणी जाऊ नये. मॅडमनी ती मान्य केली. म्हणाल्या, काही मिळवायचं तर काही द्यावं लागतं, आणि लिहून ठेवण्यात वाईट काय आहे. शेतकऱ्यांचं मत घेऊन ते पुढच्या बैठकीत सांगायचं होतं, आणि ते मी सांगावं म्हणून मॅडमनी माझं नाव परस्पर देऊन टाकलं. मी घाबरले. माझं इंग्रजी तुम्हाला माहीत आहे, म्हटलं. त्या म्हणाल्या, त्यांचं मराठी तुला माहीत आहे का.

मग मी गावाला गेले. आबांच्या ओट्यावर बैठक झाली. मी कलम वाचून त्याचा अर्थ सांगितला. सगळ्यांना आनंद झाला. बोअर घ्यायच्या तयारीत असलेले आणखी दोघे म्हणाले, मग आमचा खर्च वाचला. आबांनी सगळ्यांवरून नजर फिरवली आणि ती कडेला खांबाशी बसलेल्या मंगल आत्यावर थांबली. आत्या खाली बघत होती. आबा म्हणाले, "मंगल बोलनी नही. आज ऱ्हाऊ द्या." आणि बैठक उठली.

आत्या माझ्या वडिलांची बहीण. नांदणं जमलं नाही म्हणून ती फार वर्षांपूर्वी माहेरी परत आली. भावांनी तिला बांधाकडचा एक तुकडा दिला, तोंडी. सातबाऱ्यावर तिचं नाव नाही. वडिलांची पाळी संपते आणि पुढच्याची सुरू होते, त्याच्या मधलं पाणी तिचं. ते तिचं आहे हे गावात सगळ्यांना माहीत आहे, आणि कुठेही लिहिलेलं नाही. बैठकीनंतर मी तिच्याजवळ गेले. ती वेचलेला कापूस पसरत होती. हातातला कापूस पसरून झाला. मग म्हणाली, "कागदवर मनं नाव कसं यी, पोरी?" तिचं नाव त्या नोंदीत येणारच नव्हतं. नोंदीबाहेर कुणालाही पाणी जाऊ नये, हे मीच थोड्या वेळापूर्वी मोठ्या आवाजात वाचून दाखवलं होतं. मॅडमनी इतक्या वेळा आत्याच्या हातचं खाल्लं, तिच्या तुकड्यातून चालत विहिरीवर गेल्या, पण जमीन तिच्या नावावर नाही हे त्यांना कुणी सांगितलं नव्हतं. विचारायचं सुचावं असं त्यात काही नव्हतंच. त्यांनी आम्हाला सगळ्यांना आत घेतलं होतं, आणि त्याच वाक्याने आत्या बाहेर राहिली होती. हेच सांगायला मी निघाले होते. धुळ्यापर्यंत आले होते.

दिवस झाले, पाहुणे गेले. मी पिंप्राळ्याला जायचे ती दारातूनच परत यायचे. मग नानांनी बोलावलं. समितीची मेल आली होती, बैठक ठरल्या दिवशीच आहे, तुमच्या विद्यार्थिनीला बोलायचं असेल तर जागा ठेवली आहे. नानांनी मला एवढंच विचारलं की येशील का. मी हो म्हटलं, पण काय बोलणार ते सांगितलं नाही. ज्या बाईचं शेवटचं काम आहे, त्यावर हरकत घ्यायची, तीही तिच्या घरात बसून, हे मी नानांना कोणत्या तोंडाने सांगणार होते…

बैठक संध्याकाळी ऑनलाइन होती. मॅडमची खोली रस्त्याच्या बाजूला आहे. मी कोपऱ्यातली प्लास्टिकची खुर्ची ओढायला लागले तर नाना म्हणाले, तिच्याच खुर्चीत बस, कॅमेरा तिकडेच लावलेला आहे. पडद्यावर एकेक चौकटीत माणसं आली. समितीच्या आताच्या, पांढऱ्या केसांच्या अध्यक्षबाई मॅडमबद्दल बोलल्या. सगळे आपापल्या देशात उभे राहिले. मीही राहिले, नाना दारात उभे राहिले. मग पाण्याचं कलम आलं. एक गृहस्थ म्हणाले, माझी विनंती आहे, चर्चा नको, प्रमिलांच्या स्मरणार्थ हे त्यांनी लिहिलं तसंच्या तसं मंजूर करू या. कितीतरी माना हलल्या. एक बाई डोळे पुसत होत्या. इतक्या लांबच्या माणसांना मॅडमबद्दल इतकं वाटतं, हे बघून मला भरून आलं. अध्यक्षबाईंनी विचारलं, कुणाची हरकत.

मी म्हटलं, माझी आहे. इंग्रजीत म्हटलं, बरोबर म्हटलं. पण कुणी वळून बघितलं नाही. मी पुन्हा म्हटलं. अध्यक्षबाई धन्यवाद म्हणाल्या आणि पुढचं पान उघडायला सांगू लागल्या. तेवढ्यात नाना दारातून आत आले, माझ्या खांद्यावरून वाकले आणि म्हणाले, "अगं, तुझा आवाज बंद आहे." त्यांनी बटण दाबलं. मी जवळजवळ ओरडलेच. सगळ्या चौकटी थांबल्या.

नंतर मी काय काय बोलले ते सगळं आठवत नाही. इंग्रजी मोडकंच होतं. आत्याचं सांगितलं, तोंडी दिलेल्या तुकड्याचं, मधल्या पाण्याचं. आमच्या गावात या कलमाला संमती मिळालेली नाही हे सांगितलं. अध्यक्षबाईंनी हळू आवाजात विचारलं, ही हरकत प्रमिलांना माहीत होती का. मी म्हटलं, नाही, मी सांगायला येत होते, तेव्हा… मग एक शास्त्रज्ञ म्हणाले की आमच्याकडेही विधवा बायकांचं असंच असतं, आम्ही कधी विचारच केला नाही. कलम मंजूर झालं नाही. ते उघडं ठेवलं गेलं, आणि जुनी स्वतंत्र स्रोताची अट नवं वाक्य ठरेपर्यंत लावू नये असं ठरलं. नवं वाक्य सुचवायला जे चारपाच जण नेमले, त्यांत माझंही नाव घेतलं. पडदा बंद झाल्यावर मी नानांकडे बघायचं टाळत होते. नाना म्हणाले, "ती असती तर आधी तुझ्याशी कडाकडा भांडली असती. दोन दिवस. मग तिसऱ्या दिवशी तुझं म्हणणं स्वतःचं म्हणून मला सांगितलं असतं." आणि मग धुळ्यात फोन आल्यापासून पहिल्यांदा मला रडू आलं.

आता मी रविवारी दुपारी त्या खोलीत जाते. नानांनी तिथलं काही हलवलेलं नाही. मी वाक्य लिहिते, खोडते. "ज्यांना रूढीने पाणी मिळते ते सर्व" असं लिहिलं तर कोण ठरवणार रूढी, असा प्रश्न परदेशातून येतो, आणि प्रश्न बरोबर असतो. मॅडम असत्या तर काय म्हणाल्या असत्या, हे मला खरंच माहीत नाही. लोक म्हणतात, गेलेली माणसं आपल्याला सुचवत राहतात. मला तसं काही होत नाही. खोली शांत असते, रस्त्यावरून स्कूटर जातात, आणि मला अजूनही वाटतं की त्या आत स्वयंपाकाच्या ओट्यापाशी बसलेल्या आहेत आणि कुणीतरी हाक मारायला हवी.

निघण्याआधी मी तिथूनच आत्याला फोन लावते. तिला समिती वगैरे काही विचारायचं नसतं. ती आपल्या पाण्याचं तेवढं विचारते, "मनं पानी शे ना, पोरी?"

मी सांगते, शे आत्या. अजून शे.